उत्तर आधीं, गणित मागाहून

गणित म्हटलें कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. प्रश्न पाटीवर मांडावा, नियम लावावा, आणि शेवटच्या ओळीखालीं रेघ ओढून उत्तर लिहावें. पांच शेर ज्वारीला अमुक पैसे तर सात शेरांना किती, या त्रैराशिकांत संशयाला जागाच नसते. परंतु शास्त्रांत असेहि प्रश्न पुष्कळ आहेत कीं, ज्यांचें उत्तर ठाऊक असल्यावांचून त्यांचें गणित मांडतांच येत नाहीं. उत्तर हवें तर गणित केलें पाहिजे, आणि गणित करावयाचें तर उत्तर हातीं असलें पाहिजे, असा तो पेच असतो. या पेचांतून माणसानें जी वाट काढली ती मोठी मनोरंजक आहे, आणि तिचें एक उत्तम उदाहरण वऱ्हाडांत, यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम तालुक्यांच्या भूमीवर घडलेलें आहे.

उमरखेड, पुसद, दिग्रस आणि दारव्हा हीं चार गांवें नकाशावर पाहिलीं, तर तीं जवळजवळ एका उभ्या ओळींत, ७७ १/२ आणि ७७ ३/४ या रेखांशांच्या आसपास वसलेलीं दिसतात. दक्षिणेस पैनगंगा, पूर्वेस वर्धा, आणि मधें सागाच्या जंगलांनीं आच्छादलेल्या डोंगरांच्या ओळी, असा हा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तो हैदराबादच्या निजामाच्या अंमलाखालीं होता. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें, १८६४ सालीं या भागाचा निराळा जिल्हा झाला, तो पुढें वणीच्या नांवानें ओळखला गेला, आणि १९०५ सालीं पुसद तालुका त्यांत येऊन आजचा यवतमाळ जिल्हा सिद्ध झाला. परंतु जिल्हा म्हणून त्याची हद्द कोणी आंखण्यापूर्वींच एक निराळी रेषा त्याच्यावरून गेली होती. ती रेषा जमिनीवर कोठेंहि दिसत नाहीं. ती गणिताच्या वह्यांत होती, आणि तिचा हेतु पुसदची किंवा दारव्ह्याची मोजणी करण्याचा नसून सगळ्या पृथ्वीचा आकार ठरविण्याचा होता.

या रेषेचा आरंभ १८०२ सालीं मद्रासेजवळ झाला. विल्यम लॅम्बटन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १० एप्रिल रोजीं सेंट टॉमस माउंटच्या सपाटीवर शंभर फुटी पोलादी सांखळीनें साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजण्यास प्रारंभ केला. हिला आधाररेषा म्हणतात. पुढची युक्ति अशी : आधाररेषेच्या दोन टोंकांवरून दूरची एक टेकडी पाहावयाची आणि दोन्ही टोंकांशीं होणारे कोन मोजावयाचे. एक बाजू व दोन कोन कळले कीं त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानें मिळतात. त्या बाजूंपैकीं एक ही पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा होते. अशा रीतीनें त्रिकोणाला त्रिकोण जोडीत गेलें, तर सांखळी जमिनीवर पुन्हां न पसरतां शेंकडों मैलांचें अंतर मोजून होतें. कन्याकुमारीच्या आसपासपासून उत्तरेकडे एका रेखावृत्ताला धरून चाललेल्या या त्रिकोणांच्या माळेला पुढें ‘ग्रेट आर्क’, म्हणजे महाकंस, असें नांव पडलें. १८१५ पर्यंत ती बिदरजवळच्या दामरगिड्डा या स्थानापर्यंत पोंचली, आणि तेथून पुढें पैनगंगा ओलांडून, वऱ्हाडचे डोंगर पार करून, एलिचपूरच्या बाजूच्या टाकळखेड्यापर्यंत १८२२ च्या सुमारास आली. यवतमाळचा पश्चिम भाग या टप्प्यांत येतो.

काम किती कष्टाचें होतें, याची कल्पना आज येणें कठीण आहे. कोन मोजण्याचें थिओडोलाइट यंत्र सुमारें अर्धा टन वजनाचें होतें. तें डोंगरमाथ्यावर माणसांनीं वाहून न्यावयाचें, समोर वीस-तीस मैलांवरच्या दुसऱ्या माथ्यावर निशाण उभारावयाचें, मधें झाडें आड आलीं तर तीं तोडावयाचीं, आणि मग हवा स्वच्छ होण्याची वाट पाहत बसावयाचें. उन्हाळ्यांत धूळ व मृगजळ यांमुळें दूरचें निशाण थरथरतें. म्हणून लॅम्बटनची मंडळी पावसाळ्यांत काम करीत, कारण सरी पडून गेल्यावर हवा निवळते. पण रानांतला हिंवताप हाहि पावसाळ्याचाच सोबती. १८१९ सालीं कृष्णा व गोदावरी यांमधील अरण्यांत जॉर्ज एव्हरेस्ट या तरुण साहाय्यकाच्या तुकडीला तापानें असें कांहीं गांठलें कीं काम टाकून परतावें लागलें. निशाणें उभारणाऱ्या, यंत्रें वाहणाऱ्या, झाडें तोडणाऱ्या खलाशांपैकीं अनेकांनीं या रेषेपायीं प्राण दिले, आणि त्यांचीं नांवें मात्र बहुतेक कोठेंच लिहिलेलीं नाहींत.

आतां मूळच्या पेचाकडे वळणें योग्य होईल. सपाट कागदावर काढलेल्या त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश होते, हें शाळेंतला मुलगाहि सांगेल. परंतु तीस तीस मैलांच्या बाजू असलेला समभुज त्रिकोण पृथ्वीच्या पाठीवर आंखला, तर पाठ वांकडी असल्यामुळें ती बेरीज १८० अंशांहून सुमारें पांच विकलांनीं अधिक भरते. एक विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेंवा भाग. ही वाढ अगदींच नगण्य वाटेल, पण तीस मैलांवर एक विकलेची चूक म्हणजे जवळजवळ नऊ इंचांची चूक. त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत गेल्यावर अशा चुका सांचत जातात. म्हणून ही वाढ हिशेबांत धरलीच पाहिजे. ती किती धरावयाची हें त्रिकोणाच्या क्षेत्रफळावर अवलंबून, क्षेत्रफळ बाजूंवर अवलंबून, आणि बाजू तर अजून काढावयाच्याच आहेत!

याहून मोठा पेच पुढें होता. पृथ्वी हा पुरा गोल नव्हे. ती ध्रुवांपाशीं किंचित् चपटी आहे. त्यामुळें अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सारख्या लांबीचा नसतो. पुसदेच्या आसपास तो सुमारें ११०.७ किलोमीटर भरतो, तर दूर उत्तरेस ६० व्या अक्षांशावर सुमारें १११.४ किलोमीटर. दोहोंतील हा पाऊण किलोमीटरहि न भरणारा फरक पृथ्वीच्या चपटेपणाची साक्ष देतो, आणि तो मोजण्यासाठींच ही सगळी धडपड होती. पण डोंगरावरून घेतलेल्या कोनांवरून पृथ्वीच्या वांकड्या पाठीवरील अंतर काढावयाचें, तर पाठ किती वांकडी आहे हें आधीं ठाऊक हवें. पृथ्वीचा आकार काढण्यासाठीं पृथ्वीचा आकार माहीत असला पाहिजे. उत्तर प्रश्नाच्या पोटांतच दडून बसलेलें.

ज्या समीकरणांत अज्ञात राशि सरळ एकघाती रूपानें न येतां वर्ग, घन किंवा भुजज्या यांच्या आड लपलेली असते, त्यांना गणिती लोक अरेषीय समीकरणें म्हणतात. यांपैकीं फारच थोड्यांचें उत्तर सूत्रांत मांडतां येतें. उरलेल्यांसाठीं एकच राजमार्ग आहे. आधीं उत्तराचा अंदाज करावा, तो खरा मानून गणित करावें, तें कितीसें चुकलें हें पाहावें, त्या चुकीवरून अंदाज सुधारावा, आणि चूक उपेक्षणीय होईपर्यंत हेंच पुनःपुन्हां करीत राहावें. आइझॅक न्यूटननें १६६९ च्या सुमारास यासाठीं घेतलेलें उदाहरण घरोघर करून पाहण्यासारखें आहे. अशी संख्या शोधावयाची कीं, तिच्या घनांतून तिची दुप्पट वजा केली असतां बरोबर ५ उरावे. प्रथम २ घेऊन पाहिले : आठांतून चार गेले, चार उरले, म्हणजे एक कमी पडला. मग २.१ घेतले : ५.०६१ आले, म्हणजे थोडें अधिक झालें. या अधिकावरून दुरुस्ती केली ती २.०९४६ ; आतां उरलेली चूक अर्ध्या सहस्रांशाइतकी. आणखी एका फेरीनें २.०९४५५१४७ पर्यंत मजल गेली. चौथ्या पायरीला आठ दशांशस्थळें हातीं आलीं, आणि आरंभ तर केवळ एका अंदाजानें झाला होता. १६९० सालीं जोसेफ रॅफसन यानें हीच रीत अधिक सुटसुटीत करून मांडली, आणि आज ती दोघांच्याहि नांवानें ओळखली जाते.

महाराष्ट्राला ही कल्पना सर्वस्वीं परकी वाटण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील ज्योतिषग्रंथांत तिला ‘असकृत् कर्म’, म्हणजे एकदांच न करतां पुनःपुन्हां करावयाची क्रिया, असें नांव आहे. ग्रहणाचा स्पर्शकाल काढावयाचा असतो, तेव्हां त्या क्षणीं चंद्राचा शर किती हें ठाऊक असावें लागतें. पण चंद्र तर क्षणोक्षणीं सरकत असतो, म्हणून शर काढण्यास तो क्षण आधीं ठाऊक पाहिजे. पेच तोच. सूर्यसिद्धांतानें यावर सांगितलेला उपाय असा कीं, ग्रहणमध्याचा शर घेऊन स्पर्शकाल काढावा, त्या काळचा शर नव्यानें काढावा, त्यावरून स्पर्शकाल पुन्हां काढावा, आणि दोन फेऱ्यांचीं उत्तरें एकमेकांस मिळेपर्यंत असें करीत जावें. १११४ सालीं जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या नांवाशीं निगडित असलेलें चाळीसगांवजवळचें पाटण, आणि १५२० सालीं ‘ग्रहलाघव’ रचणारे गणेश दैवज्ञ यांचें कोंकणांतील नांदगांव, हीं या विद्येचीं आपल्या प्रांतांतील मोठीं पीठें. ज्या घरांत पंचांग होतें, त्या घरांत या रीतीचें फळ न कळत येऊन पोंचलें होतें. फरक इतकाच कीं, ज्योतिष्याला आपल्या गणिताचा पडताळा आकाशांत मिळे. लॅम्बटनला तो पायाखालच्या जमिनींतच शोधावा लागला.

लॅम्बटननें हा पडताळा दोन प्रकारें ठेविला होता. एक तर प्रत्येक त्रिकोणाचे तिन्ही कोन प्रत्यक्ष मोजावयाचे. दोनांवरून तिसरा काढतां येत असला तरी तो मोजावयाचाच, म्हणजे बेरजेंत काय बिघडलें तें तेथल्या तेथें उघड होतें. दुसरें असें कीं, शेंकडों मैल गेल्यावर जमिनीवर नवी आधाररेषा सांखळीनें मोजावयाची, आणि त्रिकोणांच्या माळेवरून काढलेली तिची लांबी मोजलेल्या लांबीशीं ताडून पाहावयाची. टाकळखेड्याची आधाररेषा याचसाठीं होती. पृथ्वीच्या चपटेपणाचा अधिक चांगला अंक हातीं आला कीं मागचीं गणितें नव्या अंकानें फिरून करावयाचीं, हा त्यांतलाच भाग. वीस वर्षांचें काम वहींत पुन्हां उलटें करून तपासण्यास जो धीर लागतो, तो डोंगर चढण्याच्या धीराहून लहान समजूं नये.

टाकळखेड्याचें काम संपवून लॅम्बटन हैदराबादेहून नागपूरकडे निघाले. आज हैदराबाद-नागपूर राष्ट्रीय महामार्ग यवतमाळ जिल्ह्यांतील पांढरकवड्यावरून जातो, आणि पुढें वर्धा नदी ओलांडून हिंगणघाटास पोंचतो. याच हिंगणघाटीं, यवतमाळच्या सीमेपासून फार दूर नव्हे अशा ठिकाणीं, २० जानेवारी १८२३ रोजीं लॅम्बटन यांचा मुक्कामांतच अंत झाला. त्यांची समाधि तेथें आहे. कन्याकुमारीच्या परिसरापासून वऱ्हाडपर्यंत, म्हणजे सुमारें तेरा अंशांचा कंस त्यांनीं मोजला होता.

काम एव्हरेस्टकडे आलें. तेहि आजारानें इतके खंगलेले होते कीं, आकाशांतील ताऱ्यांचे वेध घेतांना त्यांना इतरांनीं उचलून यंत्रापाशीं बसवावें लागे. तशाहि स्थितींत १८२४ सालीं मध्य हिंदुस्थानांतील सिरोंजपर्यंत माळ नेऊन, तेथें आधाररेषा मोजून, पुढच्या वर्षीं ते विलायतेस गेले. तेथें बसून त्यांनीं या कंसावरून पृथ्वीच्या आकाराचे जे अंक काढले, ते १८३० चा ‘एव्हरेस्ट गोलाभ’ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्याच वर्षीं ते परतले ते नवीं यंत्रें घेऊन, आणि एक अवघड निश्चय करून. लॅम्बटनच्या काळची सांखळी व जुनें यंत्र यांवर विसंबून न राहतां, बिदर ते सिरोंज हा टप्पा पुन्हां मोजावयाचा!

पैनगंगेच्या उत्तरेकडील तेच डोंगर, तींच रानें, आणि तेंच काम दुसऱ्यांदा. नव्या मोजणींत सांखळीच्या जागीं लोखंड व पितळ यांच्या जोडपट्ट्या होत्या. उन्हानें दोन्ही धातु वाढतात, पण पितळ अधिक वाढतें. या फरकाचाच उपयोग करून पट्टीवरील दोन खुणांमधलें अंतर उष्णतेनें बदलूं नये अशी तिची रचना केलेली होती. निशाणांऐवजीं रात्रीं दिवे आणि दिवसां आरशानें परावर्तित केलेलें ऊन वापरलें गेलें, त्यामुळें पावसाळ्यावर विसंबण्याचें कारण उरलें नाहीं. १८४१ सालीं अँड्र्यू वॉ यांनीं बिदरची आधाररेषा मोजली. सिरोंजपासून चारशेंहून अधिक मैलांची त्रिकोणांची माळ ओलांडून गणितानें काढलेली तिची लांबी, आणि पट्ट्यांनीं प्रत्यक्ष मोजलेली लांबी, यांत काय तें कांहीं इंचांचेंच अंतर पडलें. जवळजवळ आठ मैलांच्या रेषेंत कांहीं इंच! यवतमाळच्या डोंगरांवरून गेलेली माळ सांधली गेली, याचा याहून चांगला पुरावा नसेल.

ही सगळी आंकडेमोड करीत होतीं तीं माणसें. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द आज यंत्राला लावतात. त्या काळीं तो सर्व्हे खात्यांतील एका हुद्द्याचें नांव होता. लॅम्बटनच्या हाताखालीं मद्रासच्या सर्व्हे-शाळेंतून आलेला जोशुआ डी पेनिंग पुढें कलकत्त्याच्या गणक-कचेरीचा मुख्य झाला. १८३१ सालीं त्या कचेरींत राधानाथ सिकदर नांवाचा अठरा वर्षांचा बंगाली तरुण दाखल झाला, आणि कालांतरानें तोच मुख्य गणक झाला. हिमालयाच्या पंधराव्या शिखराची उंची २९,००२ फूट ठरविणाऱ्या गणितांत त्याचा मोठा वांटा होता. त्या शिखराला नांव मात्र एव्हरेस्टचें मिळालें.

परंतु या कथेंतील सर्वांत बोधप्रद प्रसंग यशाचा नसून एका न सुटलेल्या फरकाचा आहे. मध्य हिंदुस्थानांतील कल्याणपूर आणि उत्तरेस मुझफ्फरनगरजवळचें कलियाना, या दोन स्थानांच्या अक्षांशांतील अंतर दोन रीतींनीं काढलें गेलें. एक रीत त्रिकोणांची, दुसरी ताऱ्यांच्या वेधांची. दोहोंचा मेळ बसेना. फरक ५.२३६ विकलांचा होता, म्हणजे जमिनीवर सुमारें १६० मीटरांचा. एव्हरेस्टच्या मानानें हा फरक फार मोठा होता. तरी तो मोजणींत सांचलेला दोष असावा असें धरून, १८४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तांत त्यांनीं तो सगळ्या माळेवर थोडा थोडा वांटून टाकला. हिशेब जुळला. वही मिटली.

ती पुन्हां उघडली कलकत्त्याच्या एका धर्माधिकाऱ्यानें. आर्चडीकन जॉन प्रॅट हे मोठे गणिती होते. त्यांनीं विचारलें, हा फरक दोष नसून साक्ष असेल तर? कलियाना हिमालयाच्या अधिक जवळ आहे. त्या प्रचंड पर्वताच्या आकर्षणानें ओळंबा किंचित् ओढला जात असेल, आणि ताऱ्यांचे वेध तर ओळंब्यावरच अवलंबून. त्यांनीं हिमालयाच्या आकर्षणाचें गणित केलें, तों उत्तर ५ विकला न येतां जवळजवळ १६ आलें. म्हणजे आतां फरक उलट कमी पडला! १८५५ सालीं इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनीं त्याचा उलगडा सुचविला : पर्वत हे हलक्या खडकाचे असून, पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या ढिगाप्रमाणें त्यांचीं मुळें खालच्या जड थरांत खोल रुतलेलीं असावींत, म्हणून त्यांची ओढ दिसते तितकी नसते. पृथ्वीच्या पोटांत कोणीहि न पाहिलेल्या या रचनेचा पहिला सुगावा अशा रीतीनें एका उरलेल्या शेषानें दिला. एव्हरेस्टनें जो शेष वांटून टाकला, त्याच शेषांत पर्वतांचीं मुळें होतीं.

उरलेल्या चुकांचें काय करावें, यासाठीं गणितानें दरम्यान एक रीत सिद्ध केली होती. फ्रान्सच्या लजांद्रनें १८०५ सालीं आणि जर्मनीच्या गाउसनें १८०९ सालीं प्रसिद्ध केलेली ही ‘लघुतम वर्गांची रीत’. सगळ्या शेषांचे वर्ग करून त्यांची बेरीज जेथें कमींत कमी होते, तें उत्तर घ्यावें, असा तिचा आशय. समीकरणें अरेषीय असलीं तर येथेंहि आधीं अंदाज, मग दुरुस्ती, हाच क्रम. पण ही रीत शेष लहान करते. शेष कशामुळें उरला हें ती सांगत नाहीं. तें विचारण्याचें काम माणसाकडेच राहतें.

या जुन्या कथेचा आजच्या काळाशीं असलेला संबंध वरवर पाहतां दिसत नाहीं, पण तो फार जवळचा आहे. आज बँकांचे हिशेब, रुग्णालयांच्या नोंदी, रेल्वेचीं तिकिटें हीं सर्व दूरदूरच्या यंत्रगृहांत सांठविलेलीं असतात, आणि तारांच्या व लहरींच्या जाळ्यांतून घरोघर येतात. या व्यवस्थेला ‘क्लाउड’, म्हणजे मेघ, असें नांव पडलें आहे. तिच्यावर हल्ले होतात. कधीं हजारों बळकावलेलीं यंत्रें एकदम एका दारावर मागण्यांचा वर्षाव करतात, आणि खऱ्या गिऱ्हाइकाला आंत शिरतां येत नाहीं. कधीं एखादा चोर चोरलेल्या किल्लीनें हलकेच आंत येतो. जाळ्यांतून क्षणाला वाहणाऱ्या लक्षावधि निरोपांत शत्रूचा निरोप कोणता, हें त्याच्या तोंडावर लिहिलेलें नसतें.

१९८७ सालीं डोरोथी डेनिंग या अमेरिकन विदुषीनें यासाठीं मांडलेली दिशा अशी कीं, प्रत्येक वापरणाराचा नेहमींचा व्यवहार कसा असतो याचें गणिती चित्र आधीं तयार करावें, आणि प्रत्यक्ष व्यवहार त्याच्याशीं ताडून पाहावा. चित्राप्रमाणें जें यावयास हवें होतें तें, आणि जें आलें तें, यांतील फरक म्हणजेच शेष. हीं चित्रें पुढें अत्यंत अरेषीय झालीं. त्यांतील अज्ञात राशींची संख्या लक्षावधींच्या घरांत जाते, आणि त्या काढावयाच्या म्हणजे सूत्र नाहींच. यंत्र आरंभीं कांहींतरी अंक धरतें, चूक पाहतें, अंक थोडे सरकवितें, पुन्हां चूक पाहतें. तीनशें वर्षांपूर्वींच्या न्यूटनची, आणि त्याहून जुन्या असकृत् कर्माची, ही पणती म्हणावयास हरकत नाहीं. यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला समीकरणें सोडविण्याची हीच रीत शिकावी लागते. तिचा एक मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरांवर दोनदां झाला होता, हें त्याला कोणी सांगितलें असेल कीं नाहीं कोण जाणे.

या नव्या पहाऱ्यालाहि एव्हरेस्टचाच मोह आडवा येतो. धूर्त शत्रु एकदम धाड घालीत नाहीं. तो रोज थोडा थोडा वेगळा वागतो, आणि आपलें चित्र सुधारीत राहणारें यंत्र तें वेगळेपणहि ‘नेहमींचें’ म्हणून पोटांत घालतें. शेष वांटला जातो, हिशेब जुळतो, आणि चोर घरांतला होऊन बसतो. उलट प्रत्येक फरकांत शत्रु पाहणारा पहारेकरी रात्रभर खोट्या हांका मारतो, आणि चार दिवसांनीं त्याच्या हांकेला कोणी उठत नाहीं. या दोहोंच्या मधली वाट प्रॅटची आहे. शेषाला भ्यावयाचें नाहीं आणि त्याला दडपावयाचेंहि नाहीं. त्याचें कारण काय असूं शकेल याचा अंदाज करावयाचा, त्या अंदाजाचें गणित मांडावयाचें, आणि तें जुळलें नाहीं तर तसें उघड लिहावयाचें. प्रॅटचें १६ चुकलें होतें. पण त्यांनीं तें लपविलें नाहीं, म्हणूनच एअरीला पुढें जातां आलें.

पृथ्वीच्या चपटेपणाचा अंक स्वतःच या वाटचालीची साक्ष आहे. १६८७ सालीं न्यूटननें केवळ विचारानें तो २३० भागांत एक असा काढला. लॅम्बटनच्या कंसाचा आधार घेऊन १८३० सालीं एव्हरेस्टनें तो ३००.८० भागांत एक ठरविला, आणि हिंदुस्थानचे नकाशे पुढें पावणेदोनशें वर्षें त्याच गोलाभावर काढले गेले. २००५ च्या नकाशा-धोरणानंतर सर्वांसाठीं काढलेले नकाशे उपग्रहांच्या मोजणींतून आलेल्या नव्या गोलाभावर आले ; त्यांत हा अंक २९८.२५७ भागांत एक आहे. पहिला अंदाज कमी पडला, दुसरा किंचित् पुढें गेला, तिसरा दोहोंच्या मधें स्थिरावला. न्यूटनच्या त्या लहानशा उदाहरणांत २, मग २.१, मग २.०९४६ असे अंक आले, त्यांचीच ही मोठी आवृत्ति.

फरक असलाच तर इतका कीं, कागदावरच्या उदाहरणाची एक फेरी घटकेंत होते, आणि पृथ्वीच्या गणिताची एक फेरी होण्यास एक-दोन पिढ्या जाव्या लागल्या. त्या फेऱ्यांपैकीं एकीचा भार उमरखेड, पुसद, दिग्रस, दारव्हा या मुलुखांतील टेकड्यांनीं वाहिला. हिंगणघाटीं जो मनुष्य विसावला आहे, त्याचा अंक शेवटचा ठरला नाहीं. परंतु आपल्या अंकाच्या पुढें कोणीतरी दुरुस्ती करील, आणि ती करतां यावी इतक्या चोख नोंदी आपण मागें ठेवल्या पाहिजेत, या जाणिवेनें त्यानें तिन्ही कोन मोजले होते. जें दोनांनीं भागलें असतें, त्यासाठीं तिसरा मोजण्याचे हे कष्ट त्यानें वीस वर्षें घेतले, आणि त्याच्यावर पुढें जें कांहीं उभें राहिलें तें या तिसऱ्या कोनाच्या भरंवशावर राहिलें.